उणे तीस बाहेर, खालचा शेजारी आत: एडमंटनमधल्या एका फ्लॅटचा हिवाळा

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातल्या एडमंटनमध्ये डिसेंबरच्या अखेरीस सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि सव्वाचारला मावळतो. मुले शाळेतून घरी येऊन दप्तर टाकेपर्यंत बाहेर अंधारून आलेले असते. विंड चिल, म्हणजे वारा धरून अंगाला जाणवणारे तापमान, उणे २८ च्या खाली गेले की उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत गोठू शकते. उणे ४० च्या खाली त्याला ५ ते १० मिनिटे पुरतात. 'जा रे बाहेर खेळायला' हे वाक्य त्या दिवसांत कुणी उच्चारत नाही.

खाली मांडलेले घर एकच एक नाही. अल्बर्टातल्या लाकडी सांगाड्याच्या इमारतींत भाड्याने राहणाऱ्या मराठी कुटुंबांत जे पुन्हापुन्हा घडते, ते एका नमुना घरात बसवून लिहिले आहे. घरातल्या नोंदींचे आकडेही त्या नमुना घराचेच समजावेत.

घर आणि माणसे

चार मजली इमारत, तिसरा मजला, दोन बेडरूम, साधारण ८५० चौरस फूट. दिवाणखाना चार मीटर बाय साडेचार मीटर, त्यातला निम्मा सोफा, टीव्ही आणि जेवणाच्या टेबलाने व्यापलेला. आतल्या खोल्यांकडे जाणारा बोळ पाच मीटर लांब. फरशी म्हणजे लाकडी तुळया, त्यांवर प्लायवूड आणि सर्वांत वर व्हिनाइलच्या फळ्या. थोरली ८ वर्षांची, तिसरीत. धाकटा ४ वर्षांचा, सकाळी तीन तास प्लेस्कूलमध्ये. आई-बाबा साडेपाचला घरी येतात. साताऱ्याहून सुपर व्हिसावर (आई-वडील, आजी-आजोबांना लांब मुक्कामासाठी मिळणारा कॅनडाचा व्हिसा) आलेली आजी दुपारी मुलांपाशी असते.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात इमारतीच्या व्यवस्थापकाचे पत्र आले: संध्याकाळी छतावर धाडधाड होते, खालच्या घराची तक्रार आहे. त्या दिवसापासून आजीचे एकच पालुपद: 'हळू रे, खालचे ओरडतील.' मुले शांत झाली, पण टॅबलेट हातात घेऊन.

आधी एक आठवडा फक्त नोंद

अशा वेळी लोक थेट सामान विकत घ्यायला निघतात. या घरानेही तेच केले आणि दोनदा फसले. ते पुढे येईल. खरी सुरुवात झाली ती फ्रिजवर चिकटवलेल्या कागदाने. पंधरा-पंधरा मिनिटांचे चौकोन आणि त्यात तीनच खुणा: बसलेले, हलके हलणे, धाप लागणारे. धाप ओळखायला यंत्र लागत नाही. मूल बोलू शकते पण गाणे म्हणू शकत नाही, हा मध्यम जोर. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो, तो जास्त जोर.

ताडून पाहायला कॅनडाची २४ तासांची मार्गदर्शक तत्त्वे होती. ५ ते १७ वर्षांसाठी (२०१६) ती रोज किमान ६० मिनिटे मध्यम ते जास्त जोराची हालचाल, करमणुकीचा स्क्रीन दोन तासांच्या आत आणि १३ वर्षांपर्यंत ९ ते ११ तास झोप सांगतात. ३-४ वर्षांसाठी (२०१७) दिवसभरात १८० मिनिटे हालचाल, त्यातली ६० मिनिटे जोरदार खेळ, आणि स्क्रीन एका तासाच्या आत.

थोरलीच्या कागदावर घरातली धाप लागणारी मिनिटे निघाली रोज सरासरी ११. तीही बहुतेक सोफ्यावरून उड्या मारण्याची, म्हणजे ओरडा बसेपर्यंतची. पण एक गोष्ट पालकांच्या हिशेबातच नव्हती. अल्बर्टात पहिली ते नववीच्या मुलांना शाळेच्या दिवशी ३० मिनिटे शारीरिक हालचाल देणे २००५ पासून शाळांवर बंधनकारक आहे. कडक थंडीत मधली सुट्टी वर्गातच होते आणि ती चित्रे काढण्यात जाते, पण ही ३० मिनिटे टिकतात. म्हणजे घरावर ओझे ६० मिनिटांचे नव्हे, ३० ते ३५ मिनिटांचे. घरात तासभर व्यायाम करून घ्यायचा आहे या कल्पनेनेच कितीतरी घरे पहिल्या आठवड्यात हात टेकतात.

धाकट्याचे उलट होते. तो दिवसभर काहीतरी करतच असतो, एकूण हालचाल तीन तासांवर जात होती. जोरदार खेळ मात्र २५ मिनिटांपुढे जात नव्हता, कारण तो धावायला लागला की कुणीतरी त्याला धरत होते.

कागदावर आणखी एक गोष्ट दिसली, ती सर्वांत कामाची ठरली. मुलांचे अंग सर्वांत वळवळते ते सव्वाचार ते सव्वापाच. आणि तक्रारीच्या सगळ्या वेळा सहानंतरच्या. बाबा चिवड्याचा डबा घेऊन खाली गेले आणि सरळ विचारले. खालचा माणूस पहाटे पाचला कामावर निघतो, संध्याकाळी सहाला परततो, नऊला झोपतो. दुपारी चार ते साडेपाच खाली कुणीच नसते. नेमक्या त्या दीड तासात आजी मुलांना गप्प बसवत होती, आणि आई-बाबा आल्यावर सहाला मुले उसळत होती.

फसलेले तीन प्रयोग

पहिला, स्क्रीनवर बघून करायचा व्यायाम. पन्नास जंपिंग जॅक्स, मग जागच्या जागी धावणे. मुलांना आवडले, पण पत्र यायला तेच कारण झाले.

दुसरा, ३६ इंची छोटा ट्रॅम्पोलिन. उडी मऊ, म्हणून आवाज होणार नाही, हा सार्वत्रिक गैरसमज. जाळीमुळे आघाताचे टोक बोथट होते, टकटक जाते. पण मुलाचे वजन प्रत्येक उडीला सहा पायांतून फरशीवर उतरतेच, तेही एका ठरावीक लयीत. लाकडी तुळया त्या लयीत लवतात आणि खालच्या खोलीत 'धुम्म, धुम्म' असा भरलेला आवाज पोचतो. तो टकटकीपेक्षा जास्त डोक्यात जातो. शिवाय या वस्तूवर एका वेळी एकच मूल हा नियम दोन भावंडांच्या घरात टिकत नाही. दोन मुले एकत्र उडाली की हलके मूल बाहेर फेकले जाते. चौथ्या दिवशी धाकट्याची हनुवटी टेबलाच्या कडेवर आपटली आणि ट्रॅम्पोलिन बाल्कनीत गेला.

तिसरा, एकमेकांत अडकणाऱ्या १२ मिलिमीटर फोमच्या चौकोनी चटया. यांचा उपयोग आहे, पण गुडघे आणि कोपरांसाठी. खेळणे पडले, टाच घासली, असले वरच्या पट्टीचे आवाज त्या शोषतात. उडीचा खर्जातला धक्का तुळयांच्या लवण्यातून येतो. त्याला एवढा पातळ आणि हलका थर थांबवू शकत नाही. चटया दुप्पट जाड केल्या तरी फारसा फरक पडत नाही.

एक युक्ती मात्र चालते आणि ती फुकट आहे. तुळई मधोमध जास्त लवते, भिंतीवर टेकते तिथे कमी. म्हणून जोराचे खेळ खोलीच्या मध्यातून उचलून, ज्या भिंतीवर तुळया टेकतात तिच्या कडेला आणले. ती भिंत कोणती हे टाचेने ठोकून कळते: मध्यावर पोकळ, घुमणारा आवाज आणि भिंतीजवळ घट्ट, आखूड.

उडी सोडून बाकी सगळे

धाप लागायला उडी लागतेच असे नाही. ढकलणे, ओढणे, रांगणे, चढणे, लोंबकळणे यांत मोठे स्नायू एकदम कामाला लागतात आणि पाय जमिनीवर आदळत नाहीत. धावण्यात प्रत्येक पाऊल फरशीवर पडते. रांगण्यात तेच वजन चार जागी वाटले जाते.

*पोते ओढणे.* इथल्या किराणा दुकानात आटा २० पौंडांच्या पोत्यात मिळतो, म्हणजे ९ किलो. जुन्या चादरीची चौपदरी घडी करून त्यावर पोते ठेवायचे, चादरीची दोन टोके धरून बोळात पाच मीटर मागे-मागे जायचे, मग वाकून दोन्ही हातांनी ढकलत परत आणायचे. थोरलीचे वजन २५ किलो; तिला हे वजन बेताचे आहे. सहा फेऱ्यांत श्वास फुलतो. १६ किलोच्या धाकट्याला १० पौंडांची बटाट्याची पिशवी. व्हिनाइलवर चादर छान सरकते. गालिचा असेल तर चादर अडकते, तिथे पुठ्ठ्याच्या खोक्याचा सपाट तळ घ्यावा. मागे जाताना टाच चादरीवर पडली तर मूल पाठीवर आपटते, म्हणून पाय अनवाणी आणि चादरीची टोके आखूड. मोजे घालून हा खेळ नाहीच. पोते फाटू नये म्हणून ते उशीच्या जुन्या खोळीत घालावे. अख्ख्या बोळात आटा पसरल्यावर हे सुचून उपयोग नसतो.

*चाली.* अस्वल: हात आणि पाय टेकलेले, गुडघे वर. खेकडा: पोट छताकडे. सुरवंट: हात पुढे सरकवत आडवे व्हायचे, मग पायांनी हातांपाशी यायचे. सैनिक: कोपरांवर सरपटणे. बोळाच्या दोन फेऱ्या एका चालीच्या, अशा चार चाली, मध्ये ३० सेकंद थांबा. दोन्ही मुलांना मिळून सात-आठ मिनिटे लागतात. खेकडाचालीत मनगटावर ताण येतो, म्हणून ती दिवसातून दोनच फेऱ्या. बदकचाल जाणूनबुजून वगळली, कारण पूर्ण वाकलेल्या गुडघ्यावर भार घेऊन चालणे ही काही गरजेची गोष्ट नाही.

*सूर्यनमस्कार.* थोरलीला सहा, संथ, प्रत्येकी ३०-४० सेकंद. पाय मागे नेताना उडी नाही, एकेक पाऊल. दोन आठवड्यांनी दहा. धाकटा शेजारी जे काही करतो ते सूर्यनमस्कार म्हणून मान्य करावे. चार वर्षांच्या मुलाची कोपरे सरळ करत बसले की तिसऱ्या दिवशी तो खोलीतच येत नाही.

*मंगळागौरीतले उसने खेळ.* हे आजीचे खाते. गाठोडे, म्हणजे पाठीवर पडून दोन्ही पायांचे अंगठे धरून डोलत गोल फिरणे, हा या फरशीसाठी जणू मुद्दाम शोधलेला खेळ आहे: आवाज शून्य, पोटाला भरपूर काम. बसफुगडीत उकिडवे बसून पाय आळीपाळीने पुढे टाकायचे. वीस सेकंदांतच मोठ्यांचाही घाम निघतो. पण टाचा आदळतात, म्हणून ती फोमच्या चटईवर, भिंतीकडेला आणि साडेपाचच्या आत.

उभी फुगडी मात्र फक्त थोरलीने, तीही मोठ्या माणसाबरोबर. इथे थांबून सांगण्यासारखे कारण आहे. एक ते चार वर्षांच्या मुलाला मनगट धरून जोरात ओढले किंवा गरगर फिरवले तर कोपरापाशी एका हाडाचे डोके त्याला बांधणाऱ्या कड्यातून थोडे निसटू शकते. मूल एकदम रडते, मग हात किंचित वाकवून अंगालगत लोंबता ठेवते आणि त्या हाताने खेळणे घेत नाही. सूज दिसतेच असे नाही, त्यामुळे 'नाटक करतोय' असे वाटते. घरी ओढून बसवायला जाऊ नये. डॉक्टर काही क्षणांत तो जागेवर आणतात. धाकट्याला फिरवायचे असेल तर काखेत धरून. थोरलीलाही हा नियम पढवून ठेवावा, कारण त्याला हाताने ओढणारी बहुतेक वेळा तीच असते.

*फुगा खाली पडू द्यायचा नाही.* दोघेही गुडघ्यांवर, म्हणजे उडी मारण्याची सोयच नाही. फुटलेल्या फुग्याचा तुकडा लहान मुलाच्या घशात अडकून श्वास कोंडू शकतो, म्हणून फुगा फुटला की खेळ बंद आणि तुकडे मोजून कचऱ्यात. धाकटा एकटा असताना फुग्याऐवजी मोज्यांचे तीन जोड एकात एक गुंडाळून केलेला चेंडू. त्याच चेंडूने प्लास्टिकच्या सात डब्यांची लगोरी होते. नेम धरणारा गुडघ्यावर, रचणारा रांगत.

*जिना.* इमारतीचा आतला जिना उबदार असतो आणि तो कुणाच्या घरावरून जात नसल्याने छतावर धाडधाड होत नाही. तळमजल्यापासून चौथ्यापर्यंत तीन टप्पे (इथे तळमजलाच पहिला मजला), प्रत्येकी चौदाच्या आसपास पायऱ्या. चार वेळा चढले की १६८ पायऱ्या. चढताना वेग, उतरताना कठडा धरून चालत. मोठे माणूस सोबत हवे, आणि आगीच्या वेळी बंद राहायला हवीत अशी दारे पाचर लावून उघडी ठेवायची नाहीत. आजीच्या गुडघ्यांमुळे हा खेळ शनिवार-रविवारचा, बाबांकडे.

दाराच्या चौकटीत दाबून बसवायच्या बारबद्दल हे घर बराच वेळ घुटमळले आणि शेवटी नको म्हणाले. लोंबकळणे उत्तम व्यायाम आहे, पण केवळ दाबावर टिकणारी नळी रंगवलेल्या चौकटीवरून सरकते, आणि भाड्याच्या घरातल्या चौकटीत स्क्रू मारता येत नाहीत. तिला दोरी किंवा पट्टा लटकवून ठेवणे तर लहान मुलाच्या घरात कधीच करू नये. गळ्याला फास बसतो.

खेळ सुरू होण्यापूर्वी दोन कामे मात्र उरकावी लागली. पुस्तकांचे कपाट आणि टीव्ही पट्ट्यांनी भिंतीला बांधले. त्यासाठी दोन छोटी भोके पडतात, त्याची परवानगी व्यवस्थापकाकडून आधी घेतली. आणि भिंतीच्या तळाशी असलेल्या हीटरपासून एक फुटावर निळी टेप लावली: तिच्या पलीकडे चटई, चादर, मूल काहीही जात नाही. रंगाऱ्याची निळी टेप व्हिनाइलवर सहसा डाग ठेवत नाही, तरी दोन आठवड्यांनी बदललेली बरी.

वेळापत्रक, आणि ते कुठे मोडले

सकाळी पावणेआठला सहा मिनिटे, फक्त चाली आणि गाठोडे, पायाचा आवाज नाही. दुपारी सव्वाचारला खाणे, साडेचार ते पाच मुख्य भाग: पोते, बसफुगडी, लगोरी. सव्वासहाला दहा मिनिटे सूर्यनमस्कार किंवा फुगा. त्यानंतर झोपेपर्यंत जोराचे काही नाही. घरात २१ अंश असते. खेळताना स्वेटर काढायचा, एरवी मुले घामेजून मग थंड पडतात. हीटरमुळे हवा कोरडी, म्हणून पाण्याच्या बाटल्या बोळाच्या तोंडाशी.

दुसऱ्याच आठवड्यात हे मोडले. आजीला रोज 'आता हे करा' म्हणायचा कंटाळा आला, मुलांना ऐकायचा. मग स्टीलच्या डब्यात बारा चिठ्ठ्या आल्या, प्रत्येकीवर एक खेळ आणि फेऱ्यांचा आकडा. थोरली चिठ्ठी काढते, धाकटा तिच्यावरचे चित्र ओळखतो. आजीचे काम फक्त बसून मोजणे. दहा दिवसांत चिठ्ठ्याही शिळ्या झाल्या, तेव्हा दर रविवारी तीन काढून तीन नव्या घालायचे ठरले. सगळ्या बाराच्या बारा बदलल्या तर मुलांना आवडीचे खेळ हरवल्यासारखे वाटते.

दुसरी अडचण शर्यतीची. आठ आणि चार वर्षांत शर्यत लावली की चार वर्षांचा रोज हरतो आणि रोज रडतो. वेळ मोजायचीच असेल तर प्रत्येकाची कालच्या स्वतःशी, किंवा दोघांची मिळून: सात डबे दोघांनी किती सेकंदांत रचले.

आणि खेळ झाला की अर्धा तास टॅबलेट, हे आमिष पहिल्या दिवशी उत्तम चालते. पाचव्या दिवशी मुले सौदा करू लागतात: तीन फेऱ्या केल्या, आता दे. हे घर त्यातून बाहेर पडायला आठवडाभर झगडले. टॅबलेटची वेळ शेवटी जेवणानंतर, खेळाशी काही संबंध न ठेवता, ठरवली.

बाहेर जाणे बंद नव्हते

घरातले खेळ ही दुय्यम सोय आहे. बर्फात चालणे, ढिगावर चढणे, घसरगाडी ओढत वर नेणे याची बरोबरी कोणतीही चिठ्ठी करत नाही. म्हणून विंड चिल उणे २० च्या वर असेल त्या दिवशी दुपारचा मुख्य भाग बाहेर, वीस मिनिटे. धाकट्याला कपडे चढवायला दहा मिनिटे लागतात, तीही हालचालच. गाल पांढरट दिसले किंवा बोटे बधिर झाली की लगेच आत. शनिवारी महापालिकेच्या रिक्रिएशन सेंटरमध्ये पोहणे. ड जीवनसत्त्वाचा प्रश्न मात्र थंडीत बाहेर गेल्याने सुटत नाही. इतक्या उत्तरेला हिवाळ्याचे ऊन त्यासाठी अपुरे पडते. ते डॉक्टरांना विचारून.

सहा आठवड्यांनंतरचा कागद

थोरलीची घरातली धाप लागणारी मिनिटे ११ वरून ३२ वर आली. शुक्रवारी मात्र ती १५ च्या पुढे गेली नाहीत; आठवड्याच्या शेवटी सगळेच थकलेले असतात आणि तो दिवस सोडून द्यायचे ठरले. धाकटा बहुतेक दिवशी ५५ ते ६५ च्या दरम्यान. थोरलीचा स्क्रीन २ तास ४० मिनिटांवरून २ तासांच्या आसपास, म्हणजे मर्यादेच्या काठावर. झोपेच्या वेळेत फरक दिसला तो धाकट्यात. थोरली पूर्वीइतकीच उशिरा झोपते.

खालच्या घराची तक्रार एकदा आली, नाताळच्या सुट्टीत. तो माणूस त्या आठवड्यात दिवसभर घरी होता आणि वरच्यांनी विचारायचे विसरले होते. आता सुट्टी लागली की आधी त्याला निरोप जातो आणि बसफुगडीची चिठ्ठी डब्यातून बाहेर निघते.

मार्चच्या मध्यानंतर सूर्यास्त साडेसातच्या पुढे सरकतो आणि पोते ओढणे आपोआप बंद पडते. डबा मात्र कपाटाच्या हाताशी येणाऱ्या फळीवरच राहिला. अल्बर्टात उन्हाळ्यात वणव्यांचा धूर शहरात उतरतो आणि तसल्या दिवशी खिडक्या लावून मुलांना आतच ठेवावे लागते. त्या दिवसांसाठी डब्यात वेगळ्या रंगाच्या चार चिठ्ठ्या आहेत: गाठोडे, संथ सूर्यनमस्कार, लगोरी आणि फुगा. घरातली हवा धुराने जड झालेली असताना मुलांना धापा टाकायला लावायच्या नसतात, म्हणून पोते त्यांत नाही.